मधला चौकोन

२ फेब्रुवारी

ती. स्व. मामांना सा. न.

काल मामीचा फोन आला. इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, तुझे मामा निवडणुकीला उभे राहिलेत." जणू काही तुम्ही कोपऱ्यावरून दूध घेऊन आलात! मी खुर्चीतून उठलेच. एकतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले, कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि आता नगरपालिकेला उभे?

तुम्हाला फोनवर "हो", "बरं" आणि "ठेवतो" एवढंच सुचतं, म्हणून हे पत्र. शिवाय काम आहे. मी हल्ली ज्या ऑफिसात आहे तिथे आम्ही मतदारांसाठी एक प्रश्नावली तयार केली आहे. फोनवर उघडायची. तीस विधानं असतात आणि प्रत्येकाखाली पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, मधला, असहमत, पूर्ण असहमत. आधी उमेदवार ती भरतात, मग मतदार भरतात, आणि शेवटी मतदाराला दिसतं की कोणता उमेदवार त्याच्याशी किती टक्के जुळतो. या वेळी तुमचं गाव आमच्या यादीत आहे आणि तुमच्या वॉर्डाचं काम योगायोगाने माझ्याकडे आलंय. तुमचं नाव यादीत पाहिलं आणि दोनदा चष्मा पुसला.

सोबत तीस विधानांचा कागद आहे. खुणा करून पाठवा, मी इथे भरते. एक मात्र करा, मी भाची आहे हे गावात बोलू नका. आपली आडनावं वेगळी आहेत, इथेही कुणाला ठाऊक नाही. उगाच कशाला!

तुमची,
खार


८ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

उभा राहिलो म्हणण्यापेक्षा उभा केला गेलो. इस्पितळ बचाव समितीची माणसं आली, "तुम्ही इस्पितळातले, सगळ्यांना चालता" म्हणाली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी चहा संपवला आणि अर्ज पुढे ठेवला. नाही म्हणणं मला कधी जमलंय?

तुझा कागद आला. तीन दिवस झाले, त्याच्याशी झटतोय. तुमचे चौकोन फार लहान आहेत गं. म्हणून सहा पानं वेगळी लिहून जोडली आहेत. चौथं विधान बघ, 'बाजारपेठेत गाड्यांना बंदी असावी.' चालत येणाऱ्याला विचारलं तर हो, टेम्पोवाल्याला विचारलं तर नाही. दोघेही माझे शेजारी. नववं, 'भटक्या कुत्र्यांसाठी पालिकेने निवारा बांधावा.' चावलेल्यांचं मत मला ठाऊक आहे, कुत्र्यांचं कुणी विचारलेलं नाही. अशा ठिकाणी माणसाने काय करावं?

अकराव्यावर जास्त वेळ गेला. 'इस्पितळातला शस्त्रक्रिया विभाग बंद करून रुग्णांना मोठ्या शहरात पाठवावं.' त्यावर मी अख्खं पान लिहिलं आणि फाडलं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे, एवढं धर.

तुला जिथे जे बसेल तिथे ते बसव. मामी विचारते, जेवणखाण वेळेवर करतेस का?

तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांना सा. न.

सहा पानं वाचली. डबा खाता खाता एकटीच हसत होते, शेजारचा टायपिस्ट माझ्याकडे बघत होता. पण मामा, "तसं म्हटलं तर हो, पण" याला आमच्याकडे खण नाही. तीसपैकी बावीस उत्तरं मला मधल्या चौकोनात टाकावी लागली. काल भरली, आजपासून प्रश्नावली सगळ्यांसाठी खुली झाली.

अकराव्यातही मधलाच चौकोन टाकला, पण तिथे हात अडला. समितीने तुम्हाला ज्या कारणासाठी उभं केलं तेच हे विधान. बाकीच्या तिघा उमेदवारांनी ठाम सांगितलंय. बांधकामवाले म्हणतात बंद करा, मुख्याध्यापक बाई म्हणतात चालू ठेवा, वकीलसाहेबही चालू ठेवा म्हणतात. आणि ज्याने आयुष्य त्या इमारतीत काढलं तो मधे? बदलायचं असेल तर आठवडाभरात कळवा. त्यानंतर कुलूप.

खार


२१ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

काय जादू केलीस गं! घराला चपलांचा वेढा पडलाय. सकाळी दात घासतोय तोवर लोक हजर. "मामा, तुम्ही माझ्याशी एकोणऐंशी टक्के जुळता!" सायकल दुरुस्तीवाला, बँकेतली कॅशियर, ते नेहमी तणतणणारे निवृत्त पोस्टमास्तर, सगळे. पोस्टमास्तरांनी माझा हात हातात घेतला. बावीस वर्षांत त्यांनी मला नीट नमस्कारही केला नव्हता.

मला वाटायचं, मी बोलत नाही म्हणून माझं कुणाला काही कळतच नाही. ते तसं नव्हतं बघ. माणूस गप्प राहिला तरी त्याचं मन लोकांपर्यंत पोचतं, फक्त कुणीतरी नीट मोजावं लागतं. तुझ्या यंत्राने मोजलं. काल संध्याकाळी मी समितीच्या माणसांपुढे चक्क दहा मिनिटं बोललो. मामी दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं मला काही नीट वाचता आलं नाही, पण खूश असावी.

अकराव्याचं राहू दे तसंच. लोकांना चालतंय.

मामा


२४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांना सा. न.

पत्र मिळालं. छान वाटलं. इथे कामाचा डोंगर आहे, म्हणून चार ओळीच लिहिते. टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका, ते शेवटी आकडे. जपून राहा. घसा धरेल इतकं बोलू नका.

खार


२८ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तू चार ओळींत मावणारी मुलगी नाहीस. काय झालंय?

असो, आधी माझं ऐक. मला दोन दिवस एका जागी बसवत नाहीये.

बुधवारी दुपारी आपल्या कोपऱ्यावरची शिवणकामवाली आली. मामीने तिला खुर्ची दिली. म्हणाली, "मामा, माझी जुळी त्या इस्पितळात पोट फाडून झाली. शहराकडे जाणारा पूल बंद होता त्या दिवशी. ते टेबल नसतं तर आज तिघंही नसतो. तुमचं-माझं ब्याऐंशी टक्के जुळतं, म्हणजे तुम्ही ते बंद पडू देणार नाही." मी मान हलवली. तेवढ्यात बेकरीवाला आला. तो दारातच म्हणाला, "मामा, ब्याऐंशी टक्के! आता तो कत्तलखाना बंद करायचा."

बाईने मान वर केली. "कशाला म्हणालात कत्तलखाना?"

"माझी आई तिथेच गेली. खुब्याचं हाड बसवायला नेली आणि टेबलावरून उठली नाही."

"आणि माझी मुलं?"

दोघंही उठून उभे राहिले. नंतर दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बेकरीवाला म्हणाला, "सांगा ना मामा हिला, तुम्ही काय उत्तर दिलंय ते." बाईही तेच म्हणाली. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "चहा घेणार का?"

दोघंही चहा न घेता गेले, एकमेकांकडे न बघता. मी मात्र तेव्हापासून पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत येरझारा घालतोय.

आता तू मला समजावून सांग. एकाच माणसाशी दोघंही ब्याऐंशी टक्के जुळतात आणि आपसात त्यांचं टोकाचं वैर. माझ्यात असं काय आहे? खरं सांग.

मामा


३ मार्च

ती. स्व. मामांना सा. न.

खरं सांगते. उभ्यानेच लिहितेय, ऑफिसच्या जिन्यातल्या खिडकीवर कागद ठेवून. बसले तर पुन्हा चार ओळींचं पत्र होईल.

तुमच्यात काही नाही मामा, आमच्या हिशेबात आहे. यंत्र दोन उत्तरांमधलं अंतर मोजतं. एक माणूस खोलीच्या या भिंतीला टेकलाय, दुसरा त्या भिंतीला. त्यांच्यात अख्खी खोली आहे. पण जो मधे बसलाय त्याच्यापासून कुणीच फार लांब नाही. तुम्ही बावीस वेळा मधे बसलात. म्हणून सगळ्यांच्या जवळ दिसता. शिवणकामवालीच्या आणि बेकरीवाल्याच्याही. त्यांना तुमचं मन कळलेलं नाही. तुम्ही मनातलं सांगितलं नाहीत, आणि आम्ही त्यालाच जवळीक म्हणून छापलं.

हे मला एकोणीस तारखेला कळलं. तुमचं ते आनंदाचं पत्र येण्याआधी. ते पत्र आलं त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या थोरल्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, चाळीस हजार लोकांनी भरून झालीय, आता बदललं तर सगळ्यावरचाच विश्वास उडेल, मतदान होऊ दे मग बघू. मी मान डोलावली. थोडी त्यांच्या धाकाने, थोडी तुमच्या पत्रामुळे, आणि थोडी माझ्याच भीतीने. कारण मी उमेदवाराची भाची आहे, त्याची उत्तरं मीच माझ्या हाताने भरली आहेत, आणि हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.

उद्या सांगणार आहे. सगळंच. लेखी.

तुम्ही रागवाल. रागवा. पण उत्तर पाठवा.

खार


७ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्राचं अक्षर बघून दचकू नकोस, मामी आहे. तू यांना काय लिहिलंस? उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि तेव्हापासून घरात शब्द नाही. विचारलं तर "काही नाही." आज दाराशी आठ माणसं आली होती, सगळ्यांना बाहेरूनच परत पाठवलं. जेवताना भाजी वाढली तर पोळी संपलेली कळत नाही. सकाळी सदरा घालून बाहेर पडले, बेकरीच्या दिशेने गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. असं चार वेळा.

मी नर्सची नोकरी सव्वीस वर्षं केली, माणूस कुठे दुखतंय ते लपवत असला की मला कळतं. कुठे दुखतंय ते मात्र कळत नाहीये. तू लिहिलंस ते मला सांगू नकोस, त्यांनीच सांगायला हवं. फक्त त्यांना पत्र पाठव.

मामी


१० मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

रागावलो. पहिला दिवस तुझ्यावर. दुसऱ्या दिवशी राग कुणावर काढायचा तेच कळेना, कारण तू लिहिलेलं सगळं खरं होतं आणि ते यंत्राला लागू पडण्याआधी मला लागू पडत होतं. समतोल म्हणत आलो मी आयुष्यभर त्याला. भीती होती ती.

बेकरीवाल्याच्या आईच्या छातीची फिल्म मी काढली होती. दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी, म्हणजे पाणी साठलेलं. अशा बाईला भूल देऊ नये हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचे, त्या दिवशी नव्हते, आणि तरी शस्त्रक्रिया करायचं ठरलं होतं. मी फिल्म घेऊन सर्जनकडे गेलो. म्हणालो, "साहेब, एकदा बघता का?" ते म्हणाले, "बघितली, होईल मॅनेज." मी म्हणालो, "बरं."

बरं! माझं काम फिल्म काढायचं, मत द्यायचं नाही, असं स्वतःला सांगितलं. नऊ वर्षं सांगतोय.

चार वेळा बेकरीपर्यंत जाऊन परत आलो. पाचव्यांदा आत गेलो. तो कणीक मळत होता. मी सगळं सांगितलं, तो मळत राहिला. शेवटी विचारलं, "तुम्ही जोराने बोलला असतात तर?" मी म्हणालो, "माहीत नाही. पण बोललो नाही, हे माहीत आहे." त्याने हात पुसले, आत गेला आणि बाहेर आला नाही. भट्टीजवळ किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग निघालो.

रविवारी वाचनालयाच्या दालनात माझी सभा आहे. तिथे तीसच्या तीस विधानांची उत्तरं देणार. हो किंवा नाही. समितीला आधीच सांगितलं की अकराव्याला मी 'पूर्ण सहमत' म्हणणार, तो विभाग बंद करा. ते म्हणाले, "मग आमचा तुम्हाला पाठिंबा कसा राहील?" मी म्हणालो, "राहणार नाही." खारे, नाही म्हणालो मी!

तुझं काय झालं ते कळव.

मामा


१३ मार्च

ती. स्व. मामांना सा. न.

तुमचं पत्र आज आलं. दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन ऑफिसभोवती एक फेरी मारून आले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

माझं असं झालं. लेखी दिलं, त्याच संध्याकाळी बैठक झाली. थोरल्या बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "चूक हिशेबाची होती, ती सगळ्यांची. नातं लपवलंस, ते तुझं एकटीचं." बरोबर आहे. मला या कामावरून काढलं, आता जुन्या फायली लावायला बसवलंय. नोकरी राहते का ते महिन्याअखेर कळेल.

पण हिशेब बदलला. मधला चौकोन आता मोजतच नाहीत. चूक झाली होती अशी सूचनाही वर लावलीय. काल मी तुमच्या वॉर्डाची प्रश्नावली एक साधी मतदार म्हणून उघडली. बांधकामवाल्यांपुढे टक्के आले, मुख्याध्यापक बाईंपुढे आले, वकीलसाहेबांपुढे आले. तुमच्या नावापुढे लिहून आलं, 'पुरेशी उत्तरं नाहीत.'

रविवारी जाऊन द्या.

खार


२० एप्रिल

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही. मामीने फोनवर तुला निकाल सांगितलाच असेल. मुख्याध्यापक बाई निवडून आल्या, मी तिसरा. तुझी नोकरी राहिली हेही तिच्याकडूनच कळलं. जीव भांड्यात पडला. फायली लाव, पण धूळ नाकात घेऊ नकोस.

सभा म्हणशील तर पहिल्या दहा विधानांपर्यंत दालन भरलेलं होतं. अकराव्याला सांगितलं, बेकरीवाल्याच्या आईचंही सांगितलं, नाव न घेता. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एक वॉर्डबॉय, ज्याच्याबरोबर मी वीस वर्षं डबा खाल्ला, तो उठून माझ्याकडे बघत बघत मागे चालत गेला. तिसाव्या विधानाला समोर सतरा माणसं. मी तिसावंही नीट वाचलं. बेकरीवाला आला नव्हता. अजूनही तो माझ्याशी बोललेला नाही. बोलावं असा माझा काही हक्क नाही.

पण तुला लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने.

मतदानाच्या दिवशी दोघं बरोबर गेलो, बरोबर परत आलो. दारात चपला काढताना मामी म्हणाली, "मी तुम्हाला मत दिलं नाही."

मला वाटलं थट्टा करते. ती म्हणाली, "रविवारी तुमचं उत्तर ऐकलं. पटलं नाही." एवढं बोलून आत गेली. मी एक पाय चपलेत, एक बाहेर.

मागोमाग गेलो. म्हणालो, "छत्तीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? आणि तुमचं मत तरी कुठे ठाऊक होतं मला? शेजारणीच्या फोनवर ती प्रश्नावली मीही भरली. तुमचं-माझं शहात्तर टक्के जुळलं. ते बघून मला हसायला आलं आणि मग एवढं वाईट वाटलं की काय सांगू. नवऱ्याच्या मनात काय आहे ते शेजारणीच्या फोनवर बघायचं, आणि तेही खोटं निघायचं!"

मग ती बोलली. संध्याकाळपर्यंत बोलली. प्रसूती विभागात काढलेल्या वर्षांचं बोलली. म्हणाली, "शस्त्रक्रिया बंद केलीत तर प्रसूतीही बंद झाली समजा. बाळ अडलं तर आईला तासभर गाडीत घालून नेणार? तुम्ही माणसांची हाडं बघितलीत, मी माणसं बघितली." मी म्हणालो, "मी एक बाई मरताना बघितली." ती म्हणाली, "मी अठरा वाचताना बघितल्या, नावं सांगू?" आणि खारे, तिने सांगितली. मला एकही ठाऊक नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. तिचंही नाही. पण घर आता पूर्वीसारखं शांत नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना वाद चालू. परवा मी अंघोळीला गेलो तर ती दाराबाहेरून मुद्दा मांडत होती.

काल निवडून आलेल्या बाईंनी इस्पितळाबद्दल सुनावणी ठेवली होती. कुणीही उठून बोलावं. शिवणकामवाली बोलली, सर्जनही बोलले. मग माझ्या शेजारून मामी उठली. तिने भूल देणारे डॉक्टर रोज हवेत अशी मागणी केली, आणि ते मिळाले तर विभाग बंद करण्याचं कारणच उरत नाही, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. ती बसली. मग मी उठलो आणि म्हणालो, "नऊ वर्षं हीच मागणी कागदावर आहे. डॉक्टर येईपर्यंत टेबलाला कुलूप लावा."

दालनात कुजबुज झाली. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अहो, तुम्ही दोघं घरी बोलत नाही का?"

मामी बसल्याजागीच मागे वळली आणि म्हणाली, "आत्ताच सुरू केलंय."

निर्णय पुढच्या महिन्यात आहे. मी लेखी टिपण द्यायचं ठरवलंय, तीही देणार आहे. एकाच टेबलावर बसून लिहितोय आणि ती मधेच वाकून माझं वाचतेय. आत्ताही वाचतेय. म्हणते, खारीला सांगा की शेवटचा मुद्दा माझाच बरोबर आहे.

नाहीये.

तुझा,
मामा